मेणाचा हात: वांद्र्याची जत्रा आणि नवसाचा प्रश्न

युरोपच्या इतिहासात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा कालखंड सामान्यतः प्रबोधनकाळ म्हणून ओळखला जातो. ग्रीक व रोमन विद्येचा नव्याने शोध घेतला गेला, छापखाना आला आणि दूरच्या खंडांकडे जाणारे जलमार्ग खुले झाले, तो हा काळ. त्या काळाचा वेश चढवून भरवल्या जाणाऱ्या जत्रा आता अमेरिकेत करमणुकीचा एक स्थिरावलेला व्यवसाय बनल्या आहेत. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९६३ मध्ये अशा जत्रेचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे त्याचे अनुकरण गावोगावी झाले. तिथे लोहार असतात, भाल्यांनी झुंजणारे घोडेस्वार असतात, भाट असतात, राणी एलिझाबेथचा दरबारही भरतो. ज्या एका गोष्टीमुळे त्या काळातल्या खऱ्या जत्रा मुळात भरत असत ती मात्र तिथे नसते, कारण मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन युरोपातील बहुतेक मोठ्या जत्रा एखाद्या संताच्या सणाला किंवा मरियेच्या उत्सवाला जोडलेल्या होत्या आणि बाजार हा त्या उत्सवाच्या आश्रयाने वाढलेला असे. पोशाखी जत्रेने बाजार ठेवला, खेळ ठेवले, आणि देव वगळला. या वगळण्यात आयोजकांचा काही दोष नाही, कारण करमणुकीसाठी कोणी आजारी मुलाचा नवस बोलत नाही.

पण जे वगळले गेले ते मुंबईतील वांद्र्यात, माउंट मेरी चर्चच्या टेकडीवर, दर सप्टेंबरात कोणताही जुना वेश न चढवता घडत असते. कुमारी मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला मानला जातो; त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थनामाला, जिला नोव्हेना म्हणतात, चालते आणि त्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. बेस्टच्या जादा गाड्या सुटतात, हिल रोडपासून चढावापर्यंत मांडव लागतात, खाजे, कडियो-बोडियो, दोदोल आणि पेरूच्या वड्या विकणारे गोवेकर ठाण मांडतात, आणि या सगळ्यात मेणाच्या वस्तूंचे विक्रेते असतात, जे या निबंधाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे मेणाचे हात, पाय, डोळे, हृदये, तान्ही बाळे, नवरानवरीच्या जोड्या, घरे, मोटारी आणि विमानेही मिळतात. ज्याला जे हवे किंवा ज्याचे जे दुखते, त्याची प्रतिकृती विकत घेऊन तो ती मरियेपुढे ठेवतो. ही रीत केवळ ख्रिस्ती भाविकांची नाही. टेकडी चढणाऱ्यांत हिंदू, मुसलमान आणि पारशी नेहमीच असतात, आणि कोळी समाजात या देवीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मोतमावली असेच रूढ आहे.

मेणाचा हात वाहणे ही कृती धर्मविचाराच्या कसोटीवर काय ठरते, हा येथे विचारात घेण्याचा प्रश्न आहे. ती देवाशी केलेला सौदा आहे, अंधश्रद्धा आहे, की प्रार्थनेचाच एक प्रकार आहे? हा प्रश्न आजच्या बुद्धिवाद्यांनी प्रथम विचारलेला नसून तो प्रबोधनकाळाचाच प्रश्न आहे, आणि ज्या शतकात तो युरोपात सर्वात तीव्रतेने विचारला जात होता त्याच शतकात पोर्तुगीजांनी ही रीत वांद्र्याच्या किनाऱ्यावर आणली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांना दिला, तेव्हा साष्टी बेट आणि त्यातले वांद्रे त्यांच्या हाती आले. सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी मरियेची मूर्ती येथे आणली, असे परंपरा सांगते. युरोपात मात्र याच वेळी मूर्ती, यात्रा आणि नवस यांवर चौफेर हल्ला सुरू होता. हॉलंडमध्ये जन्मलेला विद्वान डेसिडेरियस एरास्मस, जो कॅथलिक चर्चमध्येच राहिला पण ज्याच्या लेखणीने चर्चला घाम फोडला, त्याने आपल्या संवादग्रंथात नवसाची दोन प्रसिद्ध चित्रे रेखाटली आहेत. १५२३ मधील जहाजफुटीच्या संवादात बुडत्या गलबतावरचा एक प्रवासी पॅरिसच्या चर्चमधील संत ख्रिस्तोफर याला त्याच्या पुतळ्याएवढी मोठी मेणबत्ती कबूल करतो. सर्वस्व विकूनही ती परवडणार नाही असे शेजारी सांगू लागतो, तेव्हा तो त्याच्या कानात कुजबुजतो की एकदा जमिनीला पाय लागला की साधी चरबीची मेणबत्तीही देणार नाही. १५२६ मधील यात्रेविषयीच्या संवादात तर मरियेचेच एक पत्र येते, ज्यात ती धर्मसुधारक ल्यूथरच्या अनुयायाचे आभार मानते, कारण संतांचा धावा करण्याची गरज नाही असे त्याने शिकवल्यामुळे व्यापारी, सैनिक आणि जुगारी यांच्या निलाजऱ्या मागण्यांचा तिचा जाच कमी झाला आहे. याच संवादात ज्या वॉल्सिंगहॅम या इंग्रजी यात्रास्थळाची थट्टा आहे, तिथली मरियेची मूर्ती १५३८ मध्ये राजाज्ञेने जाळण्यात आली. थट्टा विद्वानाने केली आणि जाळपोळ राजाने, पण दोन्हींमध्ये बारा वर्षांचेच अंतर आहे.

एरास्मसची टीका मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. नवसाने अपत्यप्राप्ती होते या समजुतीची तुकारामांनी उघड टर उडवली आहे आणि वारकरी परंपरेत निष्काम भक्तीचा आग्रह सर्वत्र दिसतो. दुसरीकडे गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्त म्हणजे दुःखाने पोळलेला, जिज्ञासू म्हणजे जाणू इच्छिणारा, अर्थार्थी म्हणजे काही मिळवू इच्छिणारा आणि ज्ञानी अशी मांडणी केली आहे, आणि ज्ञान्याला सर्वश्रेष्ठ ठरवूनही बाकीच्या तिघांना बाहेर काढलेले नाही. त्या सर्वांना उदार म्हटले आहे. वांद्र्याच्या टेकडीवर मेणाचा पाय घेऊन जाणारा आर्त असतो, मेणाचे घर घेऊन जाणारा अर्थार्थी असतो, आणि गीतेच्या हिशेबाने दोघांनाही भक्तांच्या पंगतीत जागा आहे. तुकारामांची टीका आणि गीतेची ही सामावून घेणारी भूमिका एकमेकींविरुद्ध आहेत असे मानण्याचे कारण नाही: तुकाराम नवसाच्या यंत्रवत फलश्रुतीवर बोलतात आणि गीता मागणाऱ्या माणसावर.

कॅथलिक धर्मशास्त्रातही असाच भेद आहे. तेराव्या शतकातील तत्त्ववेत्ता टॉमस अक्वायनस याने प्रार्थनेविषयी असे प्रतिपादन केले की ईश्वराची योजना बदलण्यासाठी मनुष्य प्रार्थना करीत नाही. ईश्वराने जे प्रार्थनेच्या द्वारे घडावे असे योजले आहे ते मिळवण्यासाठी करतो. नवसाविषयी, म्हणजे ईश्वराला दिलेल्या वचनाविषयी, त्याचे म्हणणे याहून स्पष्ट आहे: माणसाला दिलेल्या वचनाने घेणाऱ्याचा फायदा होतो, परंतु ईश्वराला कशाचीच उणीव नसल्याने नवसाचा फायदा नवस करणाऱ्यालाच होतो. त्यामुळे प्राचीन रोमन धर्मात जे सूत्र मानले जात होते, की मी देतो ते तू द्यावेस म्हणून, ते अक्वायनसच्या चौकटीत बसत नाही. अर्थात चौकट विद्वानाची असते आणि टेकडीवरचा माणूस ती वाचून आलेला नसतो. तेव्हा नवस प्रत्यक्षात सौदा आहे की नाही, हे त्याच्या कृतीच्या रचनेतूनच पाहावे लागते.

सौद्याची दोन लक्षणे असतात: दिलेल्या वस्तूचे घेणाऱ्याला मोल असते, आणि दिलेल्याचे मोल मागितलेल्याच्या मोलाशी काहीतरी प्रमाणात असते. मेणाच्या वस्तूत या दोन्ही लक्षणांचा अभाव आहे. मरियेला मेणाच्या मोटारीचा काही उपयोग नाही, हे वाहणाऱ्यालाही ठाऊक असते. शिवाय वस्तूची किंमत साच्यावर आणि मेणावर अवलंबून असते, मागणीच्या आकारावर नव्हे. वांद्र्यात आजच्या भावाने घर मागणारा आणि गुडघा बरा व्हावा म्हणणारा यांच्या हातातल्या मेणाच्या किमतीत फारसे अंतर नसते. लाच म्हणावे तर ती इतकी क्षुल्लक आहे की लाच देणाऱ्याच्या बुद्धीचाच संशय यावा, आणि वांद्र्याच्या जत्रेला येणारा मुंबईकर व्यवहारात एवढा भोळा नसतो. ज्या शहरात तो राहतो तिथे लाच कशी आणि किती द्यावी लागते याचे त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असते.

काळाचा क्रमही लक्षणीय आहे. युरोपातील जुन्या रीतीत अशी वस्तू मुख्यतः कृतज्ञतेची खूण म्हणून, म्हणजे संकट टळल्यानंतर वाहिली जाई. प्राचीन ग्रीसमधील कॉरिंथ येथे वैद्यकदेव अस्क्लेपिअसच्या देवळात भाजलेल्या मातीचे शेकडो अवयव सापडले आहेत आणि पोर्तुगालमधील फातिमा येथे आजही मेणाचे अवयव वाहिले जातात. महाराष्ट्रातही डोळ्यांचा आजार बरा झाला म्हणून देवीला चांदीचे डोळे आणि मूल झाले म्हणून देवळात लाकडी पाळणा वाहण्याची प्रथा आहे. वांद्र्यात मात्र मेणाची वस्तू पुष्कळदा मागतानाच ठेवली जाते. इथे आधी देणे नाही आणि नंतर फेडणेही नाही. मागणे हेच त्या वस्तूच्या रूपाने दिले जाते. ज्याच्याजवळ प्रार्थनेचे शब्द नाहीत, किंवा चर्चमधली भाषा ज्याची नाही, किंवा ज्याचे दुखणे चारचौघांत सांगण्यासारखे नाही, त्याला आपली गरज एका आकारात समोर ठेवता येते. म्हणून मेणाच्या हाताला किंमत म्हणण्यापेक्षा अर्ज म्हणणे अधिक बरोबर आहे, आणि त्यातही हा अर्ज अर्जदाराच्या धर्माचा रकाना नसलेला आहे.

ज्या मूर्तीपुढे हे हात ठेवले जातात तिचा स्वतःचा इतिहास हाताशीच जोडलेला आहे. १७०० च्या सुमारास अरबी चाच्यांनी हल्ला केला आणि मूर्तीच्या हातातील सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला, असे सांगितले जाते. पुढे १७६० मध्ये चर्च नव्याने उभारले गेले तेव्हा जवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधील नाविकांच्या मातेची मूर्ती तिथे स्थापण्यात आली. कालांतराने मूळ मूर्ती दुरुस्त होऊन पुन्हा आपल्या जागी आली. कोळ्यांच्या कथेत याच मूर्तीचे समुद्राशी नाते आहे: एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्याप्रमाणे ती त्याला समुद्रात सापडली. तुटलेल्या हाताच्या देवीला मेणाचे हात वाहिले जातात, यात अर्थ शोधण्याचा मोह लेखकांना होतो, पण ही प्रथा ख्रिस्ती जगात मूर्तीच्या त्या आघाताहून कितीतरी जुनी असल्याने त्यातून कार्यकारणभाव काढता येत नाही. येथे खरा विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: हात तुटलेली, काही काळ जागा सोडावी लागलेली आणि नंतर दुरुस्त केलेली मूर्ती तीच राहते काय?

हिंदू मूर्तिशास्त्रात खंडित मूर्ती सामान्यतः पूजेला अयोग्य मानून तिचे विसर्जन करतात, कारण प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवतेचे अधिष्ठान झालेले असते आणि भंगाने ते अधिष्ठान दूषित होते. कॅथलिक भूमिका याच्या उलट दिशेने जाते. ७८७ च्या निकिया येथील दुसऱ्या धर्मसभेने आणि १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मसभेने असे ठरवले की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो, आणि प्रतिमेत स्वतःची कोणतीही दैवी शक्ती नाही. म्हणजे मूर्ती बदलली, तुटली किंवा दुरुस्त झाली तरी मान पोहोचण्यात अडथळा येत नाही. याच शास्त्रात उपासनेच्या पायऱ्याही आखून दिल्या आहेत: उपासना फक्त ईश्वराची, संतांना आदर, आणि मरियेला या दोहोंच्या मधला विशेष आदर. ट्रेंटचा हा निर्णय एरास्मसला आणि ल्यूथरला दिलेले उत्तर होता, आणि वांद्र्याच्या टेकडीवर जे घडते त्याचे अधिकृत समर्थनही तोच आहे. पण मोतमावली म्हणणारा कोळी या तीन पायऱ्या मोजत नाही. त्याच्या कथेत मूर्ती ही निव्वळ खूण नाही. ती स्वप्नात येते, समुद्रातून निघते, स्वतःची जागा स्वतः निवडते, आणि ही कथा महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंभू देवतांच्या कथांची सख्खी बहीण आहे. ट्रेंटचे शास्त्र आणि कोळ्याची कथा एकाच मूर्तीवर शतकानुशतके नांदत आली, ती एकमेकांशी सहमत असल्यामुळे नव्हे. कोणत्याही पक्षाने दुसऱ्याकडून सहमती मागितली नाही, म्हणून.

या सहजीवनाला दर सप्टेंबरात वर्तमानपत्रे सर्वधर्मसमभावाचे प्रतीक म्हणतात, आणि ते म्हणणे चुकीचे नसले तरी घाईचे आहे. ज्या सत्तेने ही मूर्ती इथे आणली तिच्या राज्यात गोव्याला १५६० मध्ये धर्मन्यायालय आले, १५६७ च्या गोव्यातील प्रांतिक धर्मसभेने हिंदू विधींवर कडक बंधने सुचवली आणि अनेक देवळे पाडली गेली. उलट बाजूने, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आजही त्याची साक्ष आहे. पोर्तुगीज मुलखातच दुसरेही काही घडत होते, हेही खरे: १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आजची वांद्र्याची वास्तूही, जी १९०४ मध्ये अर्धगॉथिक शैलीत उभी राहिली, शापूरजी चंदाभॉय या मुंबईच्या वास्तुविशारदाच्या हातची आहे. १९५४ मध्ये तिला लघुबॅसिलिकेचा, म्हणजे पोपने बहाल केलेल्या विशेष प्रतिष्ठेच्या चर्चचा दर्जा मिळाला. चर्च ख्रिस्ती, वास्तुविशारदाचे नाव पारशी, हाक मराठी: असे मिश्रण कोणत्याही धर्मसभेच्या ठरावातून निर्माण होत नसते.

प्रबोधनकाळाच्या एका तत्त्ववेत्त्याने मात्र असे मिश्रण ठरावातून निर्माण करण्याचे स्वप्न पाहिले होते. जर्मन कार्डिनल निकोलस ऑफ क्यूसा याने १४५३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडल्याची बातमी ताजी असताना, धर्मांच्या शांततेविषयी एक संवाद लिहिला, ज्यात निरनिराळ्या देशांचे ज्ञानी ईश्वराच्या सभेत जमतात आणि विधी अनेक असले तरी धर्म एकच आहे या निष्कर्षाला येतात. त्या ज्ञान्यांत एक भारतीय आहे आणि त्याच्याशी होणारी चर्चा नेमकी मूर्तींविषयी आहे. एकमेव ईश्वराकडे नेणाऱ्या प्रतिमा चालतील, त्यापासून दूर नेणाऱ्या चालणार नाहीत, असा निवाडा त्याला ऐकवला जातो. क्यूसाचे औदार्य त्याच्या काळाच्या मानाने मोठे होते, पण त्याला एकता वरून, ज्ञान्यांच्या संमतीने आणि ख्रिस्ती सिद्धान्ताच्या छत्राखाली हवी होती. वांद्र्याची जत्रा त्याला पटली नसती, कारण इथे सिद्धान्तावर कोणाचीच संमती नाही आणि तरीही विधी एक आहे. त्याच्या सूत्राची ही अगदी उलट बाजू झाली. अविवाहित मुलीच्या लग्नासाठी मेणाची जोडी वाहणाऱ्या हिंदू आईला मरियेचे निष्कलंक गर्भसंभव मान्य आहे काय, असे कोणी विचारत नाही, आणि विचारले तर प्रश्नच तिला कळणार नाही. तिच्यापाशी सिद्धान्ताला दिलेली संमती नाही. तिच्यापाशी आहे तो भरवसा, जो एका आईवर दुसऱ्या आईने टाकलेला आहे. श्रद्धा म्हणजे आधी सिद्धान्ताला बुद्धीची संमती, अशी अक्वायनसची व्याख्या घेतली तर ती श्रद्धावान ठरत नाही. आर्ताची गीतेतील व्याख्या घेतली तर ठरते. चर्चने व्यवहारात अक्वायनसची व्याख्या प्रवचनपीठावर ठेवली आणि दारावर गीतेची लावली, असे म्हटले तर धर्मगुरूंना ते आवडणार नाही, परंतु वस्तुस्थितीला ते धरून आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मेणाचे हृदय आणि मेणाचे विमान एकाच चौथऱ्यावर येतात, तेव्हा गरज आणि हाव यांतला भेद पुसला जातो, असे एरास्मसचा आजचा वारस म्हणू शकतो. व्यापाऱ्यांच्या मागण्यांनी त्रासलेली त्याची मरिया आजच्या वांद्र्यात अधिकच त्रासली असती. लालबागच्या गणपतीपुढे नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची रांग वेगळी लागते, म्हणजे मागणाऱ्यांची आणि नुसते पाहणाऱ्यांची वर्गवारी तिथे निदान व्यवस्थेच्या सोयीसाठी तरी होते; वांद्र्यात ती होत नाही. पण ती होऊ नये, असेही म्हणता येते. परदेशी नोकरी मागणाऱ्या मुलाच्या विमानामागे गावाकडचे कर्ज असेल, की निव्वळ हौस असेल, हे चौथऱ्यावरून दिसत नाही, आणि ते ओळखण्याचा अधिकार ज्याला दिला जाईल तो लवकरच मागण्यांचा न्यायाधीश होऊन बसेल. आर्त आणि अर्थार्थी यांना शेजारी बसवताना गीतेने ही अडचण आधीच पत्करलेली दिसते.

सौद्याच्या उपपत्तीला सर्वात मोठी अडचण वेगळ्याच माणसापासून येते. ज्याची मागणी पुरी झाली नाही, ज्याचे मूल वाचले नाही किंवा गुडघा बरा झाला नाही, तो पुढल्या सप्टेंबरात पुन्हा टेकडीवर दिसतो, आणि अशी माणसे प्रत्येक जत्रेत असतात. सौदा फसला असता तर त्याने दुकान बदलले असते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे जत्रा भरली नाही, ती पुन्हा भरली तेव्हा त्या दोन वर्षांत घरातले माणूस गमावलेलीही पुष्कळ जण आली असणार, आणि त्यांच्या हातात कोणते मेण असावे याचे उत्तर देवाणघेवाणीच्या कोणत्याही सिद्धान्तातून निघत नाही. अक्वायनसचे उत्तर, की फायदा मागणाऱ्याचाच असतो, इथे पुरे पडते की नाही, हे तो फायदा कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे; आणि मूल गमावल्यावर पुन्हा मेणाचे बाळ वाहणाऱ्या बाईने तो कशाला म्हटला, हे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत अजून कोणी नोंदवलेले नाही.